तीन ठोके म्हणजे हात आत आहे

आधीच कबूल करतो, मी थापाड्या माणूस आहे.

आमच्या गल्लीत 'काकांनी सांगितलं' याचा अर्थ 'अर्धं सोडून द्या' असा होतो. घरात तर पाऊण सोडतात. एकदा मी खरोखर जिन्यावरून पडून पाय मोडून घेतला, तर ही म्हणाली, "आधी चालून दाखवा." ही म्हणजे माझी बायको.

तेव्हा तुम्हीही हसणार. हसा.

पण ही गोष्ट खरी आहे. यातला एक ठोकासुद्धा मी पदरचा घातलेला नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणे. माझ्याकडे रात्र नाही. रविवार होता. दुपारचे तीन. ऊन असं टळटळीत की गल्लीतलं लंगडं कुत्रं आमच्या शेडच्या दारात, सावलीच्या एका पट्टीत जीभ काढून पडलं होतं. शेड म्हणजे घराच्या कुशीला टेकवलेले पत्रे. आत एक गाडी, एक बाक, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने.

गाडी दादाची. दादा माझा थोरला भाऊ. आम्ही दोघांनी मिळून पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. चार वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला, कोणाला उठवलंसुद्धा नाही. मागे राहिली ही गाडी आणि त्याची मुलगी. वहिनी त्याच्या आधीच गेली होती, त्यामुळे मुलगी आमच्याकडेच असते.

तिला आम्ही खडू म्हणतो. लहानपणी शाळेतून येताना खडू खाऊन यायची. तोंड पांढरं, हात पांढरे, आणि वर 'मी नाही खाल्ला.' आता तिशीला टेकली तरी हात पांढरेच. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते. माझ्या तोंडातली कवळी तिच्याच हातची, त्यामुळे माझ्या तोंडावर तिचा हक्क जरा जास्तच.

पोरीची बोटं बघावीत! मेणाचा दात कोरताना केसाएवढीही हलत नाहीत. त्या बोटांवरच तिला नवीन नोकरी लागली होती. मोठी लॅब, चाळीस किलोमीटरवर. सोमवारी पहिला दिवस. सकाळी सातला हजर. त्या वेळेला बस नाही, म्हणजे गाडी हवीच.

आणि गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला.

चौकातल्या मेकॅनिकने शनिवारी गाडीला यंत्र लावलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "नॉक सेन्सर गेलाय. गंमत बघा, इंजिन गुळगुळीत चालतंय, पण हा ठोके ऐकतोय."

"कसले ठोके?" मी विचारलं.

"तेच तर. नसलेले."

नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाचा कान. नाण्याएवढी वस्तू, मध्ये भोक, एका बोल्टने इंजिनाच्या अंगाला आवळलेली. आत इंधन वेळेआधी भडकलं की ठोका बसतो, तो हा कान ऐकतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरकडे चुगली करतो.

मेकॅनिक म्हणाला, आठ दिवसांनी या. खडू म्हणाली, आठ दिवसांनी नोकरी माझी वाट बघत बसेल का? येतानाच दुकानातून नवा सेन्सर घेतला आणि रविवारी बाह्या सरसावल्या.

"काका, तुम्ही बाकावर बसून सल्ले द्या. ते तुम्हाला जमतं."

"पस्तीस वर्षं गॅरेज चालवलंय मी!"

"बाबांनी चालवलं. तुम्ही गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवून ठेवायचात."

हे खरं होतं, म्हणून मी विषय बदलला.

"आधी बॅटरी सोडव. दहाचा पाना घे."

"घेतला. नवाकोरा आहे. जुना सापडलाच नाही."

यात नवल काही नाही. जगात जितकी माणसं हरवली नसतील तितके दहाचे पाने हरवतात. दादाचा एक होता, दांड्याला लाल टेप गुंडाळलेला. मरेपर्यंत तो शोधत होता. मला आणि खडूला सगळे पाने सारखेच, पण त्याला तोच हवा असायचा.

का, ते सांगतो. जरा दम धरा.

बॅटरी सुटली. खडू बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकली. सेन्सर अडचणीत असतो, इंजिनाच्या पोटाला, पुलीवर फिरणाऱ्या पट्ट्याच्या शेजारी. तिथे बघून काम होत नाही, चाचपून करावं लागतं.

"काका..." आतून आवाज आला. "बाबांची ती दोन बोटं नक्की कशी गेली?"

मी भिंतीवरचे पाने मोजायला लागलो.

"बाबा म्हणायचे, मशीनने घेतली. तुम्ही म्हणायचात, मगरीने. मग म्हणालात, सर्कशीतल्या सिंहाशी हात मिळवला. मग ती तिजोरीच्या दाराची झाली. बारा झाल्या एकूण, मी मोजल्यात. आज कुठली?"

"आज नको."

तिने डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. मी गोष्ट नाकारली असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"काम कर."

खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं. एक गेला. उरलेला मी.

मी बावीस वर्षांचा होतो. दादा बॉनेटमध्ये वाकून पट्टा चाचपत होता. मी सीटवर, हात स्टार्टरच्या चावीवर. गॅरेजमध्ये हातोड्यांचा गोंगाट. मी ओरडलो, "दादा, मारू का?"

दादा म्हणाला, "अंहं."

मी ऐकलं, "हं."

बघा, आपल्या भाषेत हो आणि नाही यांच्यात अंतर किती! नाकातला एक 'अं'. तेवढा एक 'अं' हातोड्याखाली सापडला... आणि मी चावी फिरवली.

पट्ट्याने उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली.

दादाने सगळ्यांना सांगितलं, 'चूक माझी. हात नको तिथे गेला.' बापाला तेच. पुढे बायकोलाही तेच. मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, "धाकट्या, आजपासून तोंडी हुकूम बंद."

मग त्याने नियम केला. इंजिनात वाकलेल्या माणसाने बोलायचं नाही. दहाच्या पान्याने गाडीच्या अंगावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे, मार. दोन म्हणजे, बंद कर.

तीन म्हणजे, हात आत आहे, चावीला हात लावू नको.

तीन बोटांच्या हातात पाना नीट बसायचा नाही. दोन ठोके झाले की निसटायचा, पुन्हा पकडून तिसरा मारावा लागायचा. म्हणून त्याचे तीन ठोके वेगळे होते. ठक, ठक... ठक. तिसरा जरासा उशिरा. लाल टेप त्याने पकड बसावी म्हणूनच गुंडाळली होती.

पस्तीस वर्षं आम्ही असं काम केलं. एकदाही चुकलो नाही.

मी माफी मात्र मागितली नाही. मागायची कशी? ज्याची बोटं गेली त्यानेच चूक स्वतःच्या नावावर करून टाकलेली. मी आपला मगरीच्या गोष्टी सांगत राहिलो.

"निघाला!" खडू ओरडली. जुना सेन्सर तिने माझ्या हातावर ठेवला. काळा, तेलकट. "बघा, कानात किती मळ साठलाय."

नवा बसायला अर्धा तास लागला. मग तिने बॅटरीची तार जोडली, मोबाईल गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता सीटवर बसा."

"तू बस ना."

"मग इंजिनावर ठोकणार कोण? सोप्पं आहे काका. चावी अर्धीच फिरवा, नुसते दिवे लागतील. मी सेन्सरच्या शेजारी पान्याने ठोकते. मोबाईलवर रेघ उडाली की समजायचं, कान चालू. मग मी सांगितलं की स्टार्टर मारा."

दादा गेल्यापासून कोणी बॉनेटमध्ये वाकलेलं असताना मी चावीला हात लावला नव्हता. पण हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगायला हवं.

बसलो.

चावी अर्धी फिरवली. दिवे लागले. मोबाईलवर एक सरळ रेघ सरकायला लागली. समोर उघडं बॉनेट, म्हणजे काचेपुढे पत्र्याची भिंत. खालच्या फटीतून खडूचा फक्त कोपर दिसत होता.

ठक.

रेघ टुणकन उडाली.

"उडाली का?"

"उडाली."

ठक. पुन्हा उडाली.

"कान झकास आहे!" ती म्हणाली. "थांबा, बॅटरीचा नट जरा आवळते."

मी थांबलो. आणि मग...

मग कुत्रं उठलं.

दारातलं ते लंगडं कुत्रं. त्याने शेडमध्ये बघितलं, माझ्याकडे नाही, इंजिनाकडे. आणि सावली सोडून सरळ उन्हात चालत गेलं. मागे वळून न बघता.

पत्र्यावर सकाळपासून कबुतरं नखं घासत होती. ती नखं थांबली. उडाल्याचा आवाज नाही. नुसती थांबली.

स्वयंपाकघरात ही भांडी घासत होती. तोही आवाज बंद.

मग खण्ण करून काहीतरी घरंगळलं.

"गेला!" खडू करवादली.

"काय गं?"

"दहाचा पाना. हातातून सुटला. राहू दे, स्टार्ट करून बघू आधी..." पुढचं पुटपुटणं कळलं नाही.

फटीतून बघितलं. आता कोपरही दिसत नव्हता. वाटलं, बाजूला झाली.

एक मिनिट गेलं. मोबाईलवर सरळ रेघ सरकत होती.

आणि माझ्या तोंडातून ते दोन शब्द निघाले. इतकी वर्षं बंद असलेले.

"मारू का?"

बॉनेटमागून आवाज आला...

"हं."

माझं मनगट वळायला लागलं. चावी अर्ध्याच्या पुढे सरकली. बोटांना तो स्प्रिंगचा दाब लागला, स्टार्टर बसायच्या अगदी आधीचा...

ठक.

ठक.

...

ठक.

हात तिथेच गोठला.

मी चावी मागे फिरवली, काढली आणि मुठीत अशी आवळली की तळव्यावर तिचे दात उमटले.

"काका! थांबा म्हटलं ना!"

"तू 'हं' म्हणालीस!"

"'अंहं' म्हणाले! तोंडात टॉर्च होता!"

मी उतरून पुढे गेलो. खडू गाडीवर आडवी झाली होती. उजवा हात कोपरापर्यंत खाली. बोटं पट्टा आणि पुलीच्या मध्ये. बरोब्बर तिथे.

मी विचारलं, "ठोकलंस कशाने?"

"काय?"

"तीन ठोके! कशाने मारलेस?"

"कशाने मारणार? पाना खाली पडलाय, तोच काढतेय. एक हात आत, दुसऱ्यावर टेकलेय. मी नाही ठोकलं."

"मी ऐकले. तीन."

"तुमची कवळी वाजली असेल. सैल झालीय म्हणून कधीची सांगतेय, बसवून घ्या, तर ऐकत नाही."

मला संताप आला. मी कवळी काढली आणि गाडीच्या छतावर ठेवली. म्हणालो, आता ऐक. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसतं 'फाफ फुफ' निघालं. खडू हसत सुटली.

हसता हसता तिने हात बाहेर काढला.

आणि थांबली.

"काका... हा माझा नाही."

तिच्या हातात दहाचा पाना होता. जुना, काळा पडलेला. दांड्याला लाल टेप.

आम्ही दोघंही बघत राहिलो. पत्र्यावर अजून एकही नख वाजत नव्हतं.

"बाबांचा हरवलेला," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं इथेच पडला असेल. असतो अडकून." मग तिने तो दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा पहिल्यात घेतला. "कोमट का आहे?"

गाडी आदल्या दिवसापासून उभी होती. इंजिन थंडगार. मी हात लावून बघितला.

पाना माझ्या हातात आला. कोमट... एखाद्याने बराच वेळ मुठीत धरून नुकताच सोडावा तसा.

मी कवळी घालून मोबाईल आणला. रेघ मागे सरकवली. सगळी सरळ. शेवटी तीन उड्या.

पहिल्या दोन जवळजवळ. तिसरी जराशी लांब.

"तुम्ही पाय आपटला असेल," खडू म्हणाली. पण त्यानंतर ती साबण लावून खूप वेळ हात धूत राहिली. एकेक बोट. सुटं सुटं.

मग चावीवर तीच बसली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पिवळा दिवा गेला. इंजिन लोण्यासारखं.

तिचा नवा पाना आम्ही तासभर शोधला. गाडी जॅकवर उचलून, खाली झोपून, चुंबक फिरवून.

तो आजतागायत सापडलेला नाही.

सोमवारी ती वेळेवर पोचली. पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या साहेबांनी तिच्या हातचा दात भिंगाखाली धरला आणि म्हणाले, खरा कुठला हे सांगता येत नाही. दहा बोटांनी ताटावर ताल धरून तिने आम्हाला हे सांगितलं. मी ती बोटं मोजत होतो.

त्याच रात्री जेवताना मी सगळं सांगून टाकलं. हातोडे, 'हं', 'अंहं', चावी. दोन बोटं. चूक दादाची नव्हती, माझी होती. एक शब्दही रंगवला नाही. आवाजही चढवला नाही.

सांगून झालं.

मग खडू म्हणाली, "तेरावी."

"काय?"

"ही तेरावी झाली काका. पण चांगली जमलीय. कालचे ठोके काय मस्त गुंफलेत!"

"अगं, ही खरी आहे!"

"मगरीची जास्त खरी वाटायची हो," ही म्हणाली आणि मला आणखी भात वाढला.

मी जेवलो. काय करणार? आयुष्यभर जे पेरलं तेच ताटात आलं.

या गोष्टीला आता अकरा आठवडे झाले.

खडू सकाळी चावी फिरवते, गाडी सुरू होते, जाते. संध्याकाळी येते. तिला कधी काही ऐकू आलं नाही. मी विचारतो. रोज विचारतो. ती म्हणते, "काका, कवळी घेऊन या, घट्ट करून देते."

ती घट्ट करूनही झाली.

संध्याकाळी ती घरात गेली की मी चावी घेऊन शेडमध्ये जातो. आधी बॉनेट उघडून बघतो. आत कोणी नाही. कोणाचा हात नाही. बॉनेट लावतो. सीटवर बसतो. लाल टेपचा पाना शेजारच्या सीटवर ठेवतो. चावी घालतो. म्हणतो, "दादा, चूक माझी होती."

आणि विचारतो, "मारू का?"

मला एकच ठोका हवाय. एक म्हणजे, मार. एक म्हणजे झालं, मिटलं. तेवढा एक आला की मी चावी फिरवीन, गल्लीला एक चक्कर मारीन आणि पुन्हा कधी ही गोष्ट काढणार नाही.

कालही विचारलं.

कबुतरांची नखं थांबली.

ठक, म्हणजे आला! माझा हात चावीवर गेला...

ठक.

मी श्वास धरून बसलो. दोन तर दोन. दोनही चालतील. बंद कर म्हण, उठ म्हण, घरी जा म्हण...

बराच वेळ गेला. इतका वेळ की मला वाटलं, सुटलो.

...

ठक.

चावी काढली. शेजारच्या सीटवरचा पाना उचलला.

कोमट होता.